मिनी ट्रॅक्टर बदलताना पीटीओ शाफ्टकडे लक्ष द्या

मुळशीतल्या दोन एकरांच्या उताराच्या जमिनीसाठी १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर देऊन २८ एचपीचा घ्यावा का, असं एका शेतकऱ्याने विचारलंय. जरूर घ्या, पण फोर व्हील ड्राइव्हच. पावसाळी चिखलात नुसती ताकद चाकं जागेवर फिरवते. आणि इंजिनाचा नव्हे, पीटीओचा (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजार फिरवणारा दांडा) एचपी विचारा. रोटाव्हेटरला, म्हणजे माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराला, तोच मिळतो. जुना तीन फुटी रोटाव्हेटर चाकांचा माग झाकणार नाही, चार फुटी बघा.

खरी गडबड शाफ्टची होते, म्हणजे पीटीओ आणि अवजार जोडणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांच्या दांड्याची. जुना शाफ्ट नव्या ट्रॅक्टरला तसाच जोडू नका. अवजार हळूहळू वर-खाली करून ट्रॅक्टरकडचं आणि अवजाराकडचं टोक यांमधलं सर्वांत कमी अंतर शोधा. तिथेही नळ्या आत सरकायला किमान २५ मिमी जागा उरली पाहिजे. नाहीतर अवजार उचलताना शाफ्ट ठेचतो आणि पीटीओचं बेअरिंग, ऑइल सील जातं. कापायचाच तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लास्टिक कव्हर सारख्याच मापाने कापा, कडा कानसीने घासा, ग्रीस लावा.

शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटून अवजार वाचवणारा बोल्ट) तुटला म्हणून जास्त कडक बोल्ट कृपया घालू नका. मग पुढच्या वेळी दगड लागला की थेट गिअरबॉक्स फुटतो.

चढावर पुढची चाकं हलकी होतात, म्हणून बंपरवरची वजनं खरेदीतच मागून घ्या.