मदत हवी आहे : १८८२ मधल्या ब्लॅकबेरी

मंडळी, दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय. काळ १८८२, इंग्लंडमधलं डेव्हन, नायिका नऊ वर्षांची शेतमजुराची पोर. १८८० मध्ये शाळा सक्तीची झाली, तरी सप्टेंबरात पोरं ब्लॅकबेरी तोडायला शाळा बुडवायची; हेडमास्तरांच्या रोजनिशीत तशा वैतागलेल्या नोंदी सापडतात. १८७४ ला साखरेवरचा कर उठला, साखर स्वस्त झाली आणि गरिबाघरीही जॅम आला. २९ सप्टेंबरच्या मायकेलमस या ख्रिस्ती सणानंतर सैतान या फळांवर थुंकतो, ही समजूत तर घेणारच.

आता अडलंय. पोरं फळं कशात गोळा करायची, टोपलीत की पत्र्याच्या डब्यात? (उंच फांदी ओढायला वाकडी काठी असायची, ते ठाऊक आहे.) विकायची ती दारोदार की व्यापाऱ्याला? भाव काय मिळे?

आणि शेताच्या कडेच्या, ब्लॅकबेरी जिच्यात वाढते त्या झुडपांच्या ‘हेज’ला मराठीत काय म्हणू? ‘कुंपण’ कोरडं वाटतं. ‘वई’ कोकणाबाहेर कळेल का? ‘जाळी’ लिहिलं की मला करवंदंच दिसतात. काल पोरीच्या बोटांना चीक चिकटवून ठेवला होता, मग आठवलं, ब्लॅकबेरीला चीक कुठला! जांभळे डाग आणि आकड्यासारखे काटे, बस्स.

संपादकांना २० तारखेपर्यंत द्यायचंय. तिकडे राहणाऱ्यांनी जरा सांगा ना.