यूडीडीआय मेलं, मग त्याचा क्लायंट कशाला शिकायचा?

दाभोळकाठ: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘रत्नागिरीच्या पोरांना रजिस्ट्री क्लायंट (वेब सेवेचा पत्ता नोंदवहीतून शोधणारा प्रोग्राम) शिकवणं म्हणजे पेजर-दुरुस्ती शिकवणं.’ सकाळचा चहा कडू झाला. सार्वजनिक यूडीडीआय रजिस्ट्री, म्हणजे वेब सेवांच्या पत्त्यांची खुली नोंदवही, २००६ साली बंद पडली, ठाऊक आहे. पण सर्व्हरचा पत्ता थेट कोडात कोंबला की काय होतं ते मी भोगलंय. मच्छीमार सोसायटीचं डिझेल-कोट्याचं सॉफ्टवेअर, सात बंदरं. सर्व्हर हलला आणि ऐन नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात पेनड्राइव्ह खिशात घालून मी हर्णै ते जयगड एसटीने!

सुरंगी: पेजरवाली मीच. जेएएक्सआरमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीशी बोलायच्या जावाच्या साच्यात, एक संस्था शोधायची तर आधी कनेक्शन फॅक्टरी, मग कनेक्शन, मग रजिस्ट्री सर्व्हिस, मग बिझनेस क्वेरी मॅनेजर, तेव्हा कुठे फाइंडऑर्गनायझेशन्स. सातबारा काढणं सोपं. जावाच्या व्यावसायिक संचात, जावा ईई ७ मध्ये, ते ऐच्छिक झालं, त्याच संचाच्या पुढच्या जकार्ता ईई ९ मधून गेलंच. सर्व्हरला डीएनएस नाव (पत्ता बदलला तरी तेच राहणारं) दिलं असतंत तर एसटीचं भाडं वाचलं असतं.

दाभोळकाठ: बाई, सर्व्हरचा पोर्ट क्रमांकसुद्धा बदलला होता!

सुरंगी: त्याला डीएनएसमध्येच एसआरव्ही नोंद असते, पोर्टही सांगणारी, काका.

कलमवाला: नोंदीवर भरवसा कोण ठेवतो? हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तरी मुंबईत ‘देवगड’ छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतोच. तुमच्या रजिस्ट्रीतही नोंद एक आणि माल दुसरा.

देवगडकर: खोट्या पेटीवरही नाव देवगडचंच छापतात. रत्नागिरी का नाही, विचार करा.

कलमवाला: पावसला या, माझ्या बागेतला एक खा आणि मग बोला.

देवगडकर: साल कुणाची पातळ, तेवढं सांगा.

सुरंगी: आंबे आवरा हो!

आंजर्ल्याचा भाचा: ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमची रजिस्ट्री दापोलीत. पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नाही. सेवा पुण्यात ठणठणीत, तरी चिपळूणचे क्लायंट मुके, कारण सेवेला मारलेल्या प्रत्येक हाकेआधी रजिस्ट्रीला पत्ता विचारायचा असं मीच लिहिलं होतं. शिव्या मीच खाल्ल्या. यूडीडीआयवाल्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं: बाइंडिंग (सेवा कुठे आहे तो तपशील) एकदा मिळालं की जपून ठेवा, हाक फसली तरच पुन्हा विचारा, नवा पत्ता आला तर त्यावर परत प्रयत्न करा. आजच्या युरेका या सेवा-रजिस्ट्रीचा क्लायंटसुद्धा यादी स्वतःजवळ ठेवतो, दर ३० सेकंदांनी ताजी करतो.

सुरंगी: बरं. ही कॅशची, म्हणजे पत्ता जवळ जपून ठेवायची, गोष्ट शिकवा, एका तासात. जेएएक्सआरच्या इंटरफेसांची पाठांतरं नकोत.

दाभोळकाठ: व्हय महाराजा! कालपासून मी वेगळं काय बोलत होतो? पाठांतर मलाही नकोच. एक तास मात्र पुरणार नाही, दोन लागतील.

सुरंगी: दीड.

देवगडकर: सालीचं उत्तर अजून आलेलं नाही.