ऊसतोडीवरच्या शॉर्टफिल्मला पहिलं बक्षीस मिळालं, पण कोपीवर ती कुणी पाहिलीच नाही

शाईपेन
पुण्यात एका कॉलेजात मास कॉम शिकवतो, तासिका तत्त्वावर, सात वर्षं झाली. एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, एक मीडिया प्रोजेक्ट असतो, एखादा सामाजिक प्रश्न घ्यायचा आणि त्यावर जनजागृती म्हणून शॉर्टफिल्म नाहीतर पॉडकास्ट नाहीतर फोटो स्टोरी करायची. मागच्या जानेवारीत माझ्या ग्रुपमधली तीन पोरं एका साखर कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या तळावर गेली, तीन दिवस राहिली आणि बालविवाहावर सहा मिनिटांची फिल्म घेऊन आली. फिल्म चांगली आहे, हे आधीच सांगतो. पहाटे चारला एक पंधरा वर्षांची मुलगी कोपीच्या, म्हणजे तळावरच्या झोपडीच्या, तोंडाशी चूल पेटवतेय, पाचट (उसाचा वाळला पाला) दमट आहे, नुसता धूर, ती मनगटाने डोळे पुसतेय कारण बोटं उसाच्या पात्यांनी चिरलीयत, कडेवर धाकटा भाऊ, मागे टायरगाडीला बैल जुंपतायत. मग तीच मुलगी कॅमेऱ्याकडे बघून सांगते की पट्टा पडला (तोडीचा हंगाम संपला) की माझं लगीन आहे. मग काळी स्क्रीन, बासरी, आणि "बालविवाह थांबवा". आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिलं बक्षीस आलं, अख्खा हॉल उभं राहून टाळ्या वाजवत होता.

जूनमध्ये मी पोरांना सहज विचारलं, त्या मुलीचं काय झालं रे? तिघंही गप्प. एकाकडे तिच्या मामाचा नंबर होता, त्याने माझ्यासमोरच फोन लावला. लग्न एप्रिलमध्येच झालं होतं.

म्हणजे जानेवारी ते एप्रिल आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तिने स्वतः सांगितलं होतं, ते आम्ही रेकॉर्ड केलं होतं, आणि कुणी १०९८ या चाइल्डलाइनला एक फोन केला नाही. गाईड मी होतो. मी ते एडिट तीन वेळा पाहिलं, आवाजाच्या लेव्हलवर बोललो, शेवटची पाटी दोन सेकंद अजून ठेवा म्हणालो. हा प्रश्न मला सुचला नाही, आणि ते मला अजून झोपू देत नाही.

तर माझं म्हणणं असं की पुढच्या वर्षीपासून फिल्म ज्यांच्यावर आहे त्यांना ती आधी दाखवल्याशिवाय आणि तिथल्या माणसाला धोका दिसला तर कुणाला कळवलं हे लिहून दिल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत. विभागात यावर वाद झालाय. तुमचं मत सांगा, विरोधात असेल तरी चालेल.

लेन्सकॅप
सर, तुमची तळमळ कळते पण नियम चुकीचा आहे, मी स्वतः असे प्रोजेक्ट करूनच या लाइनमध्ये आलोय म्हणून बोलतो. ही एकोणीस वर्षांची पोरं आहेत, त्यांना अजून फोकस नीट लावता येत नाही, त्यांच्याकडून तुम्ही समाजसेवक, पोलीस आणि समुपदेशक तिन्हींची कामं मागताय आणि तेही मार्कांच्या धाकाने. आणि मुळात ही फिल्म कोपीवर दाखवून काय साध्य होणार? त्यांना त्यांचं दुःख माहीत आहे. ज्याला माहीत नाही तो त्या हॉलमध्ये बसला होता, ज्याच्या चहात साखर पडते तो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हाच आमदार नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली ना, आणि नंतर खाजगी दवाखान्यात ते ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागायला लागली. ते बातम्या बाहेर गेल्या म्हणून झालं, गावात दाखवल्या म्हणून नाही.

कोयता_ते_कॉलेज
मी बीडच्या धारूर तालुक्यातला. आईबाप बावीस वर्षं तोडीला जात होते, मी आजीजवळ राहून हंगामी वसतिगृहात (तोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी गावातच असतं ते) जेवून शिकलो. लेन्सकॅप भाऊ, तुमचा मुद्दा बाहेर कळायला पाहिजे इथपर्यंत मान्य, पण "त्यांना त्यांचं दुःख माहीत आहे" हे वाक्य मला लागलं. आम्हाला दुःख माहीत आहे पण आमच्याबद्दल बाहेर काय सांगितलं जातंय ते माहीत नसतं, आणि तेच तर दाखवायचं आहे.

मी आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत फडावर गेलो होतो तेव्हा अशीच पोरं कॅमेरा घेऊन आली होती, कुठल्या कॉलेजची ते आठवत नाही. माझी बहीण दोन हंडे घेऊन येत होती. त्यांनी तिला थांबवलं, परत जा आणि परत ये म्हणाले, ऊन पाठीमागून पाहिजे म्हणून. ती चारदा गेली आणि आली. भरलेले हंडे घेऊन. माझी माय मोळी बांधता बांधता बघत होती, काही बोलली नाही, कारण शहरातली माणसं, कॅमेरावाली, मुकादमानेच (तोडीला मजूर नेणारा) आणलेली. ती फिल्म आम्ही कधी बघितली नाही. बहीण अजून विचारते की त्याच्यात मी होते का रे.

आता बालविवाहाचं. सर, तुमच्या सहा मिनिटांत उचल, म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे, हा शब्द आला का? मुकादम आला का? उचल नवराबायकोच्या जोडीवर मिळते, त्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. लग्न झालं की घरात एक पूर्ण कोयता वाढतो, लगेच उचल मिळते. पोरीला गावात ठेवावं तर सहा महिने म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर, सोबत न्यावं तर कोपीला दार नाही, पाल्याची भिंत आणि वरून ताडपत्री. बापाला झोप कशी लागंल तुम्ही सांगा. हे न सांगता नुसतं "बालविवाह थांबवा" लिहिलं की हॉलमधल्या माणसाला वाटतं हे लोक अडाणी आहेत. बापाला दोषी करून मोकळे. म्हणून म्हणतो, आधी आम्हाला दाखवा. माझ्या मायने ती फिल्म बघितली असती तर पहिलं वाक्य हेच बोलली असती, उचलीचं का नाही घेतलं म्हणून.

काळाकोट
कायद्याचं थोडं सांगते कारण इथे कुणीच ते काढलं नाही. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक" याच्या व्याख्येत ज्या मुलीचं लग्नाच्या वयाआधी लग्न होण्याचा धोका आहे तीही येते. आणि कलम ७४ प्रमाणे अशा मुलीचं नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमात छापायला, दाखवायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विद्यार्थी प्रोजेक्ट म्हणून सूट नाही, आईवडिलांनी सही दिली म्हणूनही सुटका नाही. शाईपेन, ती मुलगी कॅमेऱ्याकडे बघून बोलते असं तुम्हीच लिहिलंय. फिल्म कुठे अपलोड असेल तर आजच काढा, उद्या नको.

लेन्सकॅप
मॅडम, कलम बरोबरच असणार. पण याचा परिणाम काय होतो तो मी पाहिलाय. कलम ऐकलं की कॉलेज घाबरतं आणि पुढच्या वर्षी सगळे ग्रुप "पाणी वाचवा", "हेल्मेट घाला" आणि "मोबाइलचं व्यसन" यावर फिल्म करतात. कारण तिथे कुणी दुखावत नाही, कुणी सही मागत नाही. जातपंचायत, ऊसतोड, गटार साफ करणारी माणसं, हे विषय पोरं स्वतःहून घेतात तेव्हा त्यांना उचलून धरायला पाहिजे. राज्यात सामाजिक बहिष्काराविरोधात २०१६ चा कायदा आहे, पण त्यावर कुठल्या कॉलेजची फिल्म तुम्ही पाहिलीत? मी एकही नाही. नियम वाढवले की अवघड विषय आधी मरतात, सोपे जगतात. मला त्या मुलीचं वाईट वाटत नाही असं कृपया समजू नका. आणि कोयता_ते_कॉलेज, हंडे परत आणायला लावणं हे चूकच, त्याला माझं समर्थन नाही.

एसवाय_बाकावरून
मी दुसऱ्या जिल्ह्यात एसवायला आहे, आमचाही असाच प्रोजेक्ट होता, वीटभट्टीवर. सर, तुम्ही नियमाचं बोलताय पण आमच्याकडून ऐका. एसटीचे पैसे आमचे, जेवण आमचं, कॅमेरा मैत्रिणीच्या दादाचा. सबमिशनची तारीख सत्तावीस. वर्गात आम्हाला तीन महिने शॉटचे प्रकार शिकवले, एखादी मुलगी समोर बसून अशी गोष्ट सांगायला लागली तर काय करायचं हे एक तास पण नाही शिकवलं.

आमच्यासमोर पण एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी होती. आम्ही रात्री एसटी स्टँडवर बसून १०९८ लावावा का यावर दोन तास बोललो. मग नाही लावला. कारण वाटलं तिच्या बाबांना पोलीस घेऊन जातील, भट्टीवाला त्यांना हाकलेल, आणि तिला कळेल की आम्हीच सांगितलं, जिने आम्हाला स्वतःच्या ताटातली भाकरी दिली होती. आम्हाला वाईट वाटलं नाही असं कुणी म्हणू नका. आम्हाला विचारायला कुणी नव्हतं. सरांना फोन केला तर ते म्हणाले फुटेज पुरेसं आहे ना.

काळाकोट
बाळा, तुझ्यासाठी सांगते आणि बाकीच्यांनीही वाचा. १०९८ वर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. लग्न व्हायच्या आधी कळलं तर आधी ते थांबवायचं बघतात, बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ च्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम काढू शकतात, आणि बऱ्याचदा आईवडिलांकडून हमीपत्र घेऊन मुलीला बालकल्याण समितीपुढे नेतात. दोन वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंतचा दंड आहे तो लग्न लावल्यावर. म्हणजे वेळेत केलेला फोन बापालाही वाचवतो. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडीताईंनाही माहीत असतं. हे तुमच्या सरांनी तुम्हाला निघायच्या आधी सांगायला हवं होतं.

पाटीपेन्सिल
मी बीड जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत शिक्षिका आहे, दसऱ्यानंतर माझा वर्ग निम्मा होतो. लेन्सकॅप म्हणतात गावात दाखवून काय होणार, तर आमच्याकडे काय झालं ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मुली आल्या होत्या. त्यांनी कॅमेरा आणलाच नाही, फोनवर आवाज रेकॉर्ड करणार म्हणाल्या, आणि पहिल्या दिवशी तो फोन आमच्या सातवीच्या पोरींच्याच हातात दिला. पोरींनी काय काय आणलं! कोयता दगडावर घासायचा आवाज, टायरगाडीचा करकर आवाज, एकीने तर आजीला विचारलं तुझं लग्न किती वर्षांची असताना झालं आणि आजी म्हणाली मला पदर सुद्धा घेता येत नव्हता गं. कुणाचं नाव नाही, चेहरा नाही. नऊ मिनिटांचं झालं ते.

गाड्या निघायच्या आधी शाळेच्या ओट्यावर स्पीकर लावून आम्ही ते ऐकवलं. उचलीचा भाग आला तेव्हा एक मुकादम उठून गेला. बाकीचे बसून राहिले. शेवटी दोन बाप माझ्याकडे आले आणि विचारलं, बाई, त्या हंगामी वसतिगृहात पोरीचं नाव घालायला काय लागतंय? मी इतकी वर्षं घरोघरी जाऊन तेच सांगत होते, तेव्हा हो हो म्हणायचे. त्यांच्या दोघी पोरी त्या वर्षी गावातच राहिल्या. एक नंतर तोडीला गेलीच, सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण एक आत्ता नववीत आहे.

चेहरा नसला की परिणाम होत नाही असं वाटतं त्यांनी आवाजावर काम करून बघा. साताऱ्याकडच्या म्हसवडला माणदेशी तरंग हे कम्युनिटी रेडिओ केंद्र कितीतरी वर्षं बायकांच्या आवाजावरच चालू आहे. पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी आहे. शैक्षणिक संस्थांना असं केंद्र काढायची परवानगी २००२ पासून आहे, रेंज दहा-पंधरा किलोमीटर, म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा एकाच टापूतला. आपल्या शेजारणीचा आवाज आहे म्हटल्यावर माणूस कान देऊन ऐकतो.

लेन्सकॅप
बाई, हे पटलं. मुकादम उठून गेला हे माझ्या कुठल्याच फिल्मने केलेलं नाही. पण मी एका मुद्द्यावर अजून ठाम आहे, मार्क कापू नका. त्या कॉलेजच्या मुली काही रेकॉर्ड न करताच घाबरून परत गेल्या असत्या तर त्यांना नापास करणार होतात का? आधी शिकवा, मग मागा. एसवायवाल्या मैत्रिणीने जे लिहिलंय त्याच्यापुढे सरांचा नियम मला शिक्षा वाटतो, आणि शिक्षा चुकीच्या माणसाला आहे.

शाईपेन
सगळं दोनदा वाचलं. काळाकोट, फिल्म स्पर्धेच्या चॅनेलवर होती, आत्ता आयोजकांना फोन करून काढायला लावली, कॉलेजच्या पेजवरची मी स्वतः काढली. बक्षीस परत करायचं की नाही ते पोरं ठरवतील.

एसवायवाल्या मुली, तुझ्या सरांच्या जागी मी होतो. माफ कर म्हणायचं तर त्या मुलीला म्हणायला हवं, पण तुलाही म्हणतो.

लेन्सकॅप, मार्क कापायचं मागे घेतो. त्याऐवजी पहिले चार तास कॅमेऱ्याशिवाय घेणार, १०९८, ग्रामसेवक, कलम ७४, उचल म्हणजे काय, आणि फील्डवर असताना माझा फोन रात्रीही चालू. खर्च विभागाने द्यावा म्हणून अर्ज टाकतोय. पण आधी तिथे जाऊन दाखवायचं हा नियम सोडणार नाही, त्यावर तुम्ही कितीही भांडा. कोयता_ते_कॉलेज, पहिल्या तासाला तुम्ही येऊन बोलाल का? मानधन तासिकेचंच आहे, थोडं आहे, पण देईन. आणि तुमच्या बहिणीला तयारी असेल तर तिलाही विचारा.

पाटीपेन्सिल बाई, तुमच्या गावच्या गाड्या दसऱ्यानंतर नक्की कधी निघतात? त्याच्या आधी आठवडाभर आम्ही यायचं म्हणतोय, पोरं सहा आहेत, स्पीकर आम्ही आणतो. ओट्यावर लाइट असते का तेवढं कळवा.

पाटीपेन्सिल
लाइट संध्याकाळी सातनंतर जाते, स्पीकर चार्जिंगचा आणा. गाड्या यंदा लवकर जातील असं लोक म्हणतायत, पाऊस कमी आहे. दसऱ्याच्या आधीच या.

कोयता_ते_कॉलेज
येतो सर. बहिणीला विचारलं. ती म्हणाली येईन, पण माझा फोटो काढायचा नाही.