संध्याकाळी सहानंतर डोके चालेनासे होते: संगणकावरील कामाचा शीण कसा टाळावा?

उद्यमबागकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत (धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात) मी गेली 11 वर्षे संगणकावर ड्रॉइंग काढण्याचे काम करतो. सकाळी साडेनऊला सुरू केलेला संगणक बंद करेपर्यंत सात, कधी आठ वाजतात. अंगमेहनत म्हणावी तर काहीच नाही. तरीही टिळकवाडीत घरी पोहोचेपर्यंत डोके इतके जड झालेले असते की, जेवायला काय करू या, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर देणेही जिवावर येते.

हा प्रश्न विचारण्याचे कारण गेल्या महिन्यात घडले. बिडाचे कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू, थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे साचा तयार करण्यासाठीचा लाकडी नमुना, मूळ मापापेक्षा मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर मोठा ठेवावा लागतो. ही गोष्ट मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. असे असताना संध्याकाळी सहानंतर पूर्ण केलेल्या एका ड्रॉइंगमध्ये मी ती वाढ धरलीच नाही आणि तेच ड्रॉइंग दोनदा तपासूनही चूक माझ्या नजरेस आली नाही. पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींनी लाकडाला हात लावण्याआधी विचारले, म्हणून निभावले. त्याच रात्री चौथीतली मुलगी भागाकार घेऊन बसली होती. तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर मी तिच्यावर ओरडलो, तेव्हा ती वही मिटून आत निघून गेली. ते मला फार लागले.

मी विश्रांती घेत नाही असेही नाही. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मोबाइल पाहतो आणि चारनंतर तीन वेळा चहा होतो. तरी हे का होते आणि ते टाळण्यासाठी काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

खानापूरची लेखनिक

दादा, आपली वही मिटण्याची गोष्ट वाचून मला माझेच दिवस आठवले. मी खानापुरात दस्तऐवजांचे टंकलेखन आणि भाषांतर करते. आपल्या भागातील कित्येक घरांत 1956 पूर्वीची, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात असतानाची, मराठी खरेदीखते आणि वाटणीपत्रे जपून ठेवलेली असतात आणि आता त्यांचा मजकूर कन्नडमध्ये करून द्यावा लागतो. पूर्वी मी एक कागद मराठीत वाचायची, लगेच कन्नडमध्ये टाइप करायची, मधेच कोणाचा इंग्रजी अर्ज आला तर तोही हातावेगळा करायची. एका तासात तीन भाषा आणि तीन कळफलक. दुपारी तीनलाच माझी बोटे कन्नड अक्षराच्या जागी मराठीची कळ दाबू लागायची.

थकवा कामाच्या तासांमुळे येतो, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तो या सततच्या उड्यांमुळे येत होता. आपण एक काम अर्धे टाकून दुसऱ्याकडे वळतो, तेव्हा मनाचा एक भाग पहिल्या कामातच घुटमळत राहतो. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 साली हे दाखवून दिले आहे. आता मी सकाळी फक्त मराठी कागदांचे वाचन आणि टिपणे करते, जेवणानंतर फक्त कन्नड टाइप करते आणि अर्ज घेऊन येणाऱ्यांना चारनंतरची वेळ देते. काम मधेच सोडावे लागलेच, तर उठण्यापूर्वी ‘चतुःसीमा झाली, साक्षीदारांपासून पुढे’ अशी एक ओळ चिठ्ठीवर लिहून ठेवते, म्हणजे ते डोक्यात धरून ठेवावे लागत नाही. सुरुवातीला लोक कुरकुरले, पण महिन्याभरात त्यांना वेळ माहीत झाली. आपल्या कामात एका दिवसात किती वेळा फोन येतो आणि किती ड्रॉइंगे अर्धवट उघडी असतात, हे एकदा मोजून पाहावे.

शहापूरचे निवृत्त प्राध्यापक

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत असे. आपण दोनदा तपासूनही चूक सुटली, यात आपला हलगर्जीपणा नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात घड्याळासारखा काटा टप्प्याटप्प्याने सरकत असे आणि क्वचित दुप्पट उडी घेई. ती उडी टिपणे एवढेच काम दोन तास करायचे होते. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. आपले तपासणीचे काम नेमके याच जातीचे आहे. म्हणून संध्याकाळी काढलेले ड्रॉइंग त्याच संध्याकाळी तपासू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या अर्ध्या तासात तपासावे. आणि आकसण्याची वाढ, कोअरची (वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायच्या भागाची) जागा, मशीनिंगसाठी सोडलेली जाडी या गोष्टी स्मरणावर न सोडता कागदावर लिहून एकेक खूण करत जावे. थकलेल्या मेंदूकडून आठवण्याचे काम काढून घेतले की, त्याला पाहण्याचे काम अधिक बरे करता येते.

चहाविषयी स्पष्टच सांगतो. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जाते आणि त्यामुळे थकवा जाणवतो. चहातील कॅफीन त्याचा परिणाम काही काळ अडवते, पण साठा कमी करत नाही. शिवाय शरीरातील कॅफीन निम्म्यावर येण्यास साधारण पाच तास लागतात. सहा वाजता घेतलेल्या चहाचा निम्मा अंश अकरा वाजता आपल्या अंगात असतो, झोप उथळ होते आणि दुसरा दिवस थकव्यानेच सुरू होतो. चारनंतरचे तिन्ही चहा बंद करावेत, असा माझा आग्रह आहे.

मोबाइलबाबतही तेच. बातम्या वाचताना आपण पुन्हा वाचतो, निवडतो आणि ठरवतो; म्हणजे दिवसभर राबलेले लक्षच पुन्हा कामाला जुंपतो. स्टीफन आणि रेचेल कॅप्लन यांनी मांडल्याप्रमाणे झाडे, पाणी, आकाश यांकडे मन आपोआप ओढले जाते, त्यासाठी प्रयत्न लागत नाही, आणि त्या अवधीत प्रयत्नपूर्वक द्यायचे लक्ष सावरते. आपण टिळकवाडीत राहता, तेव्हा घरात शिरण्यापूर्वी वीस मिनिटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून चालावे आणि तेवढा वेळ फोन खिशातच ठेवावा.

वडगावकर

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, म्हणून डोळ्यांपुरतेच लिहितो. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण बरेच कमी होते, डोळे कोरडे पडतात आणि तो ताण कपाळात चढतो. दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावे. चाळिशी उलटली असेल तर नंबर तपासून घ्यावा आणि तपासताना आपला पडदा किती अंतरावर असतो ते मोजून सांगावे. वाचनाचा चष्मा त्या अंतराला बहुधा जुळत नाही. पंखा थेट तोंडावर येत असेल तर तो वळवावा.

उद्यमबागकर

ताई, सर, वडगावकर, आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मोजले तेव्हा एका दिवसात 31 फोन आणि सात उघडी ड्रॉइंगे निघाली. मालकांना ड्रॉइंगमधल्या त्या चुकीविषयी सांगून आणि हा आकडा दाखवून साडेनऊ ते साडेअकरा हा वेळ फोनविना मागून घेतला. मागायला संकोच वाटत होता, पण लाकूड वाया जाण्यापेक्षा हे बरे, असे म्हणून त्यांनी लगेच मान्य केले. तपासणी आता सकाळीच होते. चारचा एक चहा मात्र सुटलेला नाही. पाच आणि सहाचे बंद केले.

घरी जाण्याची वेळ फारशी बदललेली नाही, आठवड्यातून दोन दिवस आठ वाजतातच, आणि त्या दिवशी चालणे होत नाही. परंतु परवा व्हॅक्सिन डेपोवरून घरी आलो, तेव्हा मुलीने वही पुढे केली. भागाकारात बाकी 7 उरली होती आणि भाजक 6 होता. चूक कुठे आहे ते मी सांगितले नाही. ती शोधेपर्यंत शेजारी बसून राहिलो.