फुकट प्लॅनच्या पानांत सर्व्हरवरूनच जाहिरातपट्टी: नेमकी कुठून घालावी?

पाणवठा:
फुकट होस्टिंग प्लॅनवर साधारण 1,200 डोमेन आणि सबडोमेन आहेत. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्यामागे अपाचे हा दुसरा सर्व्हर आणि पीएचपी-एफपीएम. फुकट प्लॅनच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक जाहिरातपट्टी आपोआप यायला हवी. पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या पानाला मात्र हात लागता कामा नये. नोंदणीच्या अटींत हे स्पष्ट लिहिलेले आहे.

सध्या पीएचपीच्या ऑटो_अपेंड_फाइल या सेटिंगमधून (प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी ठरलेली फाइल जोडणारी) पट्टी जोडली जाते. साध्या एचटीएमएल पानांवर ती येत नाही, काही वर्डप्रेस साइटींवर पोस्ट जतन करताना जेसन (प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती पाठवण्याचा साचा) अवैध असल्याची चूक येते, आणि काही जुन्या मराठी पानांवर पट्टीतला मजकूर वाचताच येत नाही. एनजिनएक्सचे सब_फिल्टर (पान बाहेर जाताना त्यातला मजकूर बदलणारे मॉड्यूल) लावून पाहिले, तर निम्म्या साइटींवर काहीच बदलत नाही आणि लॉगमध्ये चूकही नाही. त्यापेक्षा तेच काम करणारे अपाचेचे मॉड_सब्स्टिट्यूट बरे का?

रॅकखोली:
ऑटो_अपेंड आधी काढून टाका. पीएचपीमधून काय बाहेर पडते आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. जेसन असो, पीडीएफ असो की आरएसएस, शेवटी ती फाइल चिकटवतेच. वर्डप्रेसची चूक तिथूनच येत असावी. शिवाय स्क्रिप्ट एक्झिटने संपली की ऑटो_अपेंड चालतच नाही, म्हणजे जिथे नको तिथे पट्टी आणि जिथे हवी तिथे नाही.

काम पुढच्या एनजिनएक्सवरच करा. सब_फिल्टर मुळात फक्त टेक्स्ट/एचटीएमएल प्रकाराच्या उत्तरांना हात लावते, त्यामुळे जेसनला आपोआपच धक्का लागत नाही. एनजिनएक्स स्वतः कंपाइल केले असेल तर हे मॉड्यूल मुद्दाम जोडावे लागते, आपसूक येत नाही. तुमच्याकडे काही साइटींवर चालते आहे, म्हणजे ते आहेच.

निम्म्या साइटींवर काही न होण्याचे कारण बहुतेक करून कॉम्प्रेशन. अपाचेने किंवा वर्डप्रेसच्या कॅश प्लगइनने पान जीझिप करून पाठवले, तर सब_फिल्टरला दाबलेले बाइट दिसतात, टॅग दिसत नाही. ते मुकाट्याने पुढे सोडून देते, म्हणून लॉगही कोरा. उपाय: प्रॉक्सी_सेट_हेडरने मागे जाणारा अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग हेडर (‘दाबलेले पान चालेल’ असे सांगणारी सूचना) रिकामा करा. मागून पान उघडे येईल, त्यात बदल होईल आणि एनजिनएक्समध्ये जीझिप चालू असेल तर बाहेर जाताना ते स्वतः जीझिप करील.

इथे एक खाच आहे. प्रॉक्सी_सेट_हेडरच्या ओळी वरच्या पातळीवरून खाली तेव्हाच उतरतात, जेव्हा खालच्या पातळीवर तशी एकही ओळ नसते. तुम्ही रिकामा हेडर सर्व्हर ब्लॉकमध्ये लिहिला आणि लोकेशन ब्लॉकमध्ये होस्ट हेडरची ओळ आधीपासून असली, तर वरची ओळ गेली. दोन्ही एकाच जागी लिहा. सब_फिल्टरलाही हाच नियम लागू आहे.

आता टॅग कुठला शोधायचा? बॉडीचा बंद टॅग शोधू नका. कित्येक पानांत तो जावास्क्रिप्टच्या अवतरणचिन्हांत आधी येतो. सब_फिल्टर मूळ सेटिंगप्रमाणे पहिलाच सापडलेला बदलते, म्हणजे तुमचा कोड ग्राहकाच्या स्क्रिप्टच्या पोटात जाऊन पूर्ण पान मोडते. हेडचा बंद टॅग शोधा आणि त्याच्या अगोदर एकच ओळ घाला: डिफर लावलेला, बाहेरच्या फाइलकडे बोट दाखवणारा स्क्रिप्ट टॅग. बाकी सगळे त्या फाइलमध्ये. एचटीएमएलमध्ये हेडचा बंद टॅग ऐच्छिक आहे, तेव्हा हाताने लिहिलेली थोडी पाने सुटतील. ती सुटू द्या. डॉकटाइपच्या आधी काही घालण्याचा मोह टाळा. ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये (जुन्या पानांसाठीच्या जुन्या नियमांत) जाऊन पानाची मांडणी विस्कटू शकते.

प्लॅननुसार निवड मॅपने करा. मॅप म्हणजे एका मूल्यावरून दुसरे ठरवणारा तक्ता; त्यात होस्टवरून एक चल (व्हेरिएबल) ठरवा: फुकट प्लॅनला स्क्रिप्टची ओळ, बाकी सगळ्यांना रिकामी. सब_फिल्टरच्या बदलीच्या मजकुरात ते चल, त्याला लागून हेडचा बंद टॅग. रिकाम्या चलाने मजकूर जसाच्या तसा राहतो. पण लास्ट-मॉडिफाइड हेडर (पान शेवटचे कधी बदलले ते सांगणारा) मात्र अशा पानांवरूनही उडतो, कारण सब_फिल्टर तो काढून टाकते. म्हणून पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी सब_फिल्टर नसलेला वेगळा सर्व्हर ब्लॉक ठेवलेला उत्तम. 1,200 नावांना मॅप_हॅश_मॅक्स_साइझ कदाचित वाढवावे लागेल. कॉन्फिग तपासताना इशारा आला तर 4096 करा.

प्रॉक्सी कॅश वापरत असाल तर काळजी नको. कॅशमध्ये मूळ पान राहते आणि बदल बाहेर जाताना होतो.

मॉड_सब्स्टिट्यूटमध्ये रेजेक्स (नमुन्यावरून मजकूर शोधण्याची सोय) मिळते हा एकच फायदा. ते ओळीनुसार चालते आणि ओळीची मूळ मर्यादा 1 एमबी आहे. सगळे एचटीएमएल एका ओळीत दाबून चित्रेही बेस64 करून (अक्षरांत बदलून) भरलेली पाने ती ओलांडतात, आणि मग ते पान नीट जातच नाही. पुढे एनजिनएक्स असताना तो व्याप कशाला?

शिरोरेषा:
जुन्या मराठी पानांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सब_फिल्टरने सुटणार नाही. युनिकोड रुळण्याआधीची बरीच मराठी पाने ठरावीक फाँटवर बेतलेली आहेत. त्यांत चारसेट (बाइटांची अक्षरे कशी करायची तो तक्ता) आयएसओ-8859-1 किंवा एक्स-यूजर-डिफाइंड लिहिलेला असतो. तुमची पट्टी यूटीएफ-8 मध्ये असेल तर तिच्या देवनागरीचे प्रत्येक अक्षर तीन बाइटांचे. ब्राउझर त्यांना तीन सुटी चिन्हे समजतो आणि कडबोळे दिसते.

पानात जाणारी ओळ निव्वळ अ‍ॅस्की ठेवा. स्क्रिप्ट फाइल पाठवताना कंटेंट-टाइपमध्ये चारसेट यूटीएफ-8 लिहा, नाहीतर ती फाइलही पानाचाच चारसेट घेते.

एवढ्याने निम्मेच काम होते. त्या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. पट्टीने पानाचा फाँट वारशाने घेतला तर देवनागरी ठीक दिसेल, पण फोन नंबर आणि इंग्रजी नाव यांच्या जागी काना-मात्रांचा खच पडू शकतो. म्हणून पट्टी आयफ्रेममध्येच (पानाच्या आतल्या स्वतंत्र पानात) हवी. आत स्वतःचा चारसेट, स्वतःचा फाँट. ग्राहकाच्या सीएसएसचा तिला स्पर्श नाही आणि तिचा ग्राहकाच्या पानाला नाही.

पाणवठा:
अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग लोकेशनमध्ये हलवले, पट्टी जवळपास सगळीकडे आली. दोन गोष्टी राहिल्या. काही साइटींवर दोन-तीन पट्ट्या दिसतात, आणि काहींवर ब्राउझर स्क्रिप्ट अडवतो: कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसीचे (पानात कुठून काय येऊ द्यायचे ते ठरवणाऱ्या हेडरचे) कारण देतो.

रॅकखोली:
दोन पट्ट्यांचे मूळ म्हणजे आयफ्रेममधली पाने आणि एजॅक्सने (पान न बदलता स्क्रिप्टने मागून) आणलेली अख्खी पाने. त्यांचा प्रकारही टेक्स्ट/एचटीएमएलच असतो. मॅपमध्ये सेक-फेच-डेस्ट हेडर (मागणी कशासाठी आहे ते ब्राउझर यात सांगतो) जोडा. त्याचे मूल्य ‘डॉक्युमेंट’ असेल किंवा हेडरच नसेल तेव्हाच ओळ घाला. जपून: फेचने मागवलेल्या पानासाठी ब्राउझर ‘एम्प्टी’ हा शब्दच पाठवतो. तो आणि हेडर नसणे या भिन्न गोष्टी आहेत. जुने ब्राउझर आणि एचटीटीपीवरची पाने हे हेडर पाठवत नाहीत, म्हणून स्क्रिप्टमध्येही दोन तपासण्या ठेवा: खिडकी सर्वांत वरची आहे का, आणि पट्टी आधीच बसली आहे का.

सिक्युरिटी पॉलिसीचा हेडर प्रॉक्सीवर काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. तो ऐकू नका. ग्राहकाने स्वतःच्या वाचकांसाठी लावलेली कडी आहे ती, आपल्या पट्टीसाठी ती काढायचा अधिकार आपल्याला नाही. स्क्रिप्ट प्रत्येक होस्टवर त्याच डोमेनखालच्या एका ठरावीक पत्त्यावरून द्या, एनजिनएक्समध्ये एक लोकेशन पुरते. पॉलिसीत ‘सेल्फ’ला परवानगी असली तर ती चालते. आयफ्रेम वेगळ्या डोमेनची असल्याने पॉलिसीच्या फ्रेम-एसआरसी ओळीमध्ये तुमचे डोमेन ग्राहकालाच जोडावे लागेल. नेमकी ओळ मदतपानावर देऊन ठेवा.

आयफ्रेमला सँडबॉक्स (आतल्या पानाला काय करता येईल त्यावरचे कुंपण) लावा. स्क्रिप्ट, सेम-ओरिजिन, पॉपअप आणि पॉपअपला सँडबॉक्सबाहेर जाऊ देणे, एवढ्याच परवानग्या. टॉप-नॅव्हिगेशन देऊ नका. तीच नसली की एखादी खराब जाहिरात वाचकाला पानावरून उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही. सेम-ओरिजिन द्यायला हरकत नाही ती केवळ आयफ्रेमचे डोमेन वेगळे असल्यामुळे. त्याच डोमेनवरून दिलीत तर सँडबॉक्सला अर्थ राहत नाही.

उंबरठा:
आकार मोबाइलवर 320 बाय 50, डेस्कटॉपवर 728 बाय 90 ठेवा. तळाला चिकटलेली जाहिरात पडद्याच्या 30 टक्क्यांहून जास्त जागा घेत असेल तर ती बेटर अ‍ॅड्सच्या (त्रासदायक जाहिराती ठरवणाऱ्या उद्योगगटाच्या) निकषांत बसत नाही, आणि क्रोम फेब्रुवारी 2018 पासून अशा साइटींच्या जाहिराती गाळू शकते. फटका बसेल तो ग्राहकाच्या डोमेनला, तुमच्या नव्हे. पट्टीच्या उंचीइतकी जागा बॉडीच्या तळाला सोडा, नाहीतर फूटरमधले दुवे झाकले जातात.

अ‍ॅडसेन्ससारखे नेटवर्क लावायचा विचार असेल तर आधी त्यांची धोरणे वाचा. प्रत्येक साइट खात्यात जोडून तपासून घ्यावी लागते. 1,200 परक्या साइटींवर एकाच खात्याचा कोड ओतणे तिथे बसत नाही. पट्टीवरची जागा थेट विकणे सुटसुटीत. दुसरे एखादे नेटवर्क घेतलेच, तर अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी फाइल (जाहिराती विकायला कोणाला परवानगी आहे त्याची यादी) प्रत्येक डोमेनच्या मुळाशी लागेल. तुमचे सबडोमेन पब्लिक सफिक्स लिस्टमध्ये (ज्या नावांखाली वेगवेगळे लोक आपापली डोमेन घेतात त्यांची यादी) असेल तर प्रत्येक ग्राहकाचे सबडोमेन स्वतंत्र मूळ डोमेन धरले जाते, म्हणजे फाइलही तिथे हवी. ग्राहकाची स्वतःची फाइल असेल तर तिच्यावर आपली लादू नका, त्याच्या ओळी त्याच्या उत्पन्नाच्या आहेत.

पाणवठा:
कोणी पट्टी लपवली तर?

रॅकखोली:
पूर्वी पानाच्या शेवटी नोस्क्रिप्ट किंवा कॉमेंट उघडी टाकून तळाला जोडलेली जाहिरात गिळून टाकत. हेडमधल्या ओळीवर ती युक्ती चालत नाही. सीएसएसने लपवता येते. त्यासाठी स्क्रिप्टने दोन सेकंदांनी पट्टीची दिसणारी उंची मोजून शून्य आली तर सर्व्हरला फक्त होस्टचे नाव कळवावे. वाचकाचा आयपी किंवा कुकी त्या नोंदीत घेऊ नका. कोड आणखी कडक करण्याऐवजी यादी पाहून ग्राहकाला मेल करा. बऱ्याचदा कारण त्यांच्या थीममधला एखादा सरसकट सीएसएस नियम असतो.

बदल केल्यावर दर वेळी कर्ल या कमांडने तेच पान दोनदा मागवा, एकदा कॉम्प्रेस्ड पर्यायासह आणि एकदा त्याशिवाय, आणि स्क्रिप्टची ओळ दोन्हींत बरोबर एकदाच येते का ते मोजा.