मशीन डिझाइन खरं शिकायचं कुठे? सूत्रांत की उघडलेल्या गिअरबॉक्समध्ये?

ड्रॉइंगवाली:
मी कन्व्हेयरची (माल वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची) डिझाइनं करते. नव्याने रुजू होणारी मुलं-मुली हुशार असतात, त्यात वाद नाही. टॉर्क (पिळणारा जोर) आणि बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) हातात दिला की गुडमनची रेषा (बदलत्या भाराखाली भाग टिकेल का हे दाखवणारा आलेख) मारून शाफ्टचा व्यास काढतात. पण तो टॉर्क त्यांना कुणीतरी द्यावा लागतो, माझी तक्रार ती आहे. ‘एका शाफ्टवर अमुक इतका टॉर्क येतो’ ही परीक्षेतल्या प्रश्नाची पहिली ओळ. ती ओळ लिहिणं हेच डिझायनरचं निम्मं काम, आणि ते कोणी शिकवत नाही.

दीड किलोवॉटची मोटर घ्या, १४४० आरपीएम, पुढे ३०:१ चा गिअरबॉक्स. बाहेर ४८ आरपीएम. गिअरबॉक्समधला तोटा सोडला तर टॉर्क सुमारे ३०० न्यूटन-मीटर. गणित संपलं. आता पट्ट्यात पोतं अडकलं आणि ऑपरेटरने पुन्हा स्टार्टचं बटण दाबलं. इंडक्शन मोटर थेट लाइनवर सुरू होताना दुपटीहून जास्त टॉर्क देऊ शकते. मग शाफ्ट सहाशे-सातशेला धरायचा, की मध्ये टॉर्क लिमिटर (ठरलेल्या टॉर्कला जोड सोडवणारा भाग) टाकून तो आधी सुटू द्यायचा? हे कुठलंच सूत्र सांगत नाही.

पुढे जोडणी. ४० मिलिमीटरच्या शाफ्टवर ६२०८ नंबरचं बेअरिंग, मागे शोल्डर (बेअरिंग टेकतं ती शाफ्टची जाड पायरी) ६० चा. कागदावर भक्कम दिसतो. पण ६२०८ ची आतली रिंग बाहेरून साधारण ५२ ची असते. शोल्डरने ती पूर्ण झाकली, आता बेअरिंग ओढून काढणाऱ्या पुलरचे पाय धरणार कुठे? फिटर नाइलाजाने बाहेरच्या रिंगला धरून ओढतो, सगळा जोर गोळ्यांवर येतो. नुसतं ऑइल सील बदलायचं होतं, बेअरिंग मात्र बाद.

माझं मत स्पष्ट आहे. दुसऱ्या वर्षापासून दर सेमिस्टरला एक जुनं यंत्र पूर्ण उघडायचं, व्हर्नियर लावून मोजायचं, टॉलरन्ससकट (मापात चालणाऱ्या फरकासकट) त्याचं ड्रॉइंग काढायचं. त्यासाठी विश्लेषणाचे (ताणाच्या गणिताचे) तास कमी करावे लागले तरी चालतील.

मेकॅनिकल_मास्तर:
ताई, तुमची कळकळ पटते, शेवटचं वाक्य अजिबात पटत नाही. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ॲक्सल तुटला आणि भीषण अपघात झाला. त्या काळात ॲक्सल घडवणाऱ्यांना हातचा अनुभव कमी होता का? पण चांगला चालणारा ॲक्सल एके दिवशी अचानक का तुटतो, हे त्यांना सांगता येत नव्हतं. रँकिन या अभियंत्याने १८४३ मध्ये दाखवलं की जिथे व्यास बदलतो त्या धारदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. पुढे प्रशियाच्या रेल्वेत व्होलर या अभियंत्याने पुन्हा पुन्हा भार देऊन ॲक्सल तोडले आणि फटीगच्या, म्हणजे वारंवारच्या भाराने धातू थकून तुटण्याच्या, अभ्यासाचा पाया घातला. कोपऱ्यातला ताण डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी गणितच लागतं. फिट आणि टॉलरन्स मुलं कंपनीत पहिल्या वर्षी शिकतात. फटीग मात्र आयुष्यभर नोकरी केली तरी आपोआप कळत नाही. कॉलेजने जे कॉलेजातच मिळतं तेच आधी द्यावं.

मेंटेनन्स_शिरोली:
सर, रँकिनने तडा पाहिला कशावर? तुटलेल्या ॲक्सलवरच ना! तुमच्या वर्गात तुटलेला एक तरी शाफ्ट टेबलावर असतो का? आमच्या फाउंड्रीत तुटलेला तुकडा मी लगेच भंगारात जाऊ देत नाही. आधी तोंड बघतो. एका बाजूला गुळगुळीत भाग, त्यावर वळणदार रेषा, आणि शेवटी खरबरीत पट्टा. रेषा जिथून निघतात तिथे बहुतेक वेळा की-वेचा (चावी बसवायला शाफ्टमध्ये कापलेल्या खाचेचा) कोपरा असतो. खरबरीत पट्टा लहान असेल तर भार कमी होता, तडा निवांत वाढत गेला. मोठा असेल तर भारच जास्त होता. पोरांना हे एकदा हातात द्या, मग गुडमन शिकवा. बघा कसे ऐकतात.

चाकणचा_इंजिनिअर:
या सगळ्यात कंपन्या नामानिराळ्या राहतात, त्याचं काय? १९६१ पासून देशात अप्रेंटिस कायदा आहे. शिकाऊ मुलाला हाताशी धरून घडवणं हे उद्योगाचं काम आहे. ते सोडून ‘तयार पोरगा द्या’ म्हणत कॉलेजला बोल लावायचे, हे चूक आहे.

टीई_मेक:
ताई, दर आठवड्याला सबमिशन आणि डोक्यावर गेट (एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा). बेअरिंग काढायचं कसं हे गेटमध्ये विचारत नाहीत. उघडायला आमच्या लॅबमध्ये कापून रंगवलेली मॉडेल्स आहेत, त्यांना पाना लावता येत नाही. तरी स्वतःच्या हिमतीवर सुरू करायचं तर आधी काय उघडू?

ड्रॉइंगवाली:
@टीई_मेक, भंगारवाल्याकडून छोटा वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारखा वर्म दातांचं चाक फिरवतो तो) आण. चाक ब्राँझचं आणि वर्म पोलादी का, कव्हरखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) किती जाडीचे आणि ते काढले तर दातांवरचा संपर्क कुठे सरकतो, शाफ्ट गरम होऊन लांबला तर कुठल्या बाजूला जागा ठेवली आहे, हे बघ. नटावर पाना फिरायला किती जागा सोडली आहे तेही मोज. प्रत्येक मापापुढे ‘का’ लिही.

सर, तुमच्याच त्या कोपऱ्याचं, त्याला द्यायच्या गोलाईचं म्हणजे फिलेटचं बघा. ताण कमी व्हावा म्हणून पुस्तक म्हणतं त्रिज्या मोठी ठेवा. ६२०८ च्या रिंगच्या कोपऱ्याची त्रिज्या कमीत कमी १.१ मिलिमीटर धरायची असते. शाफ्टची त्रिज्या त्याहून मोठी ठेवली तर रिंग शोल्डरला टेकणारच नाही, फिलेटवर चढून तिरकी बसेल. वर्गात हा झगडा येतच नाही, कारण तिथे शाफ्टवर बेअरिंग बसवलेलंच नसतं. उपाय साधा आहे: त्रिज्या मोठीच ठेवायची आणि रिंग व शोल्डर यांच्यामध्ये मोठा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) दिलेली स्पेसर रिंग घालायची.

मेकॅनिकल_मास्तर:
स्पेसरचं उदाहरण मी या सेमिस्टरला वर्गात घेईन. शिरोलीकर, दोन-चार तुटलेले शाफ्ट कॉलेजला पाठवाल का? वाहतूक आम्ही करू. पण ताई, त्रिज्या मोठी का हवी हे गणिताने माहीत नसतं, तर फिटरने सरळ ती घासून लहान केली असती. बेअरिंग झकास बसलं असतं आणि काही महिन्यांनी शाफ्ट तुटला असता. त्यामुळे विश्लेषणाचा एकही तास मी कमी करणार नाही. गिअरबॉक्स उघडायला शनिवार द्यायची माझी तयारी आहे.

मेंटेनन्स_शिरोली:
पाठवतो सर. तुटलेली तोंडं पुसू नका फक्त, आणि दोन तुकडे एकमेकांवर घासू देऊ नका. रेषा जातात.