मदत हवी आहे: उजेडात चालेल असा भयपट सुचवा

सोलापुरात सोसायटीच्या हॉलमध्ये तीन रात्री तीन सिनेमे दाखवायचे आहेत. विनोदी ठरला, ‘अशी ही बनवाबनवी’ (1988), त्यावर वादच नाही. दुसरा ‘सैराट’ (2016). अडलंय भयपटावर.

‘तुंबाड’ (2018) लावून पाहिला. सिनेमा उत्तमच, पण आमच्या हॉलसाठी नाही. प्रोजेक्टर 3000 ल्युमेनचा, खिडक्यांना काळा कपडा लावूनही रस्त्यावरचा दिवा आत येतो. वाड्यातले अंधारे प्रसंग नुसते करडे दिसतात. ब्राइटनेस वाढवला की काळा रंग आणखी फिका पडतो. पडदा 8 बाय 6 फूट, त्यामुळे रुंद चौकटीचं चित्र जेमतेम साडेतीन फूट उंच उरतं. मागच्या रांगेला सबटायटल वाचता येत नाहीत.

‘बीस साल बाद’ (1962) चौकटीत नीट बसतो, पण पोरं कृष्णधवल म्हटलं की उठतात.

प्रेक्षक मराठी, तेलुगू, कन्नड मिसळलेले. हिंदी सगळ्यांना कळतं. दहा वर्षांपुढची मुलं असतील. सव्वादोन तासांत संपायला हवा, दहाला आवाज बंद. परवान्याचं वेगळं बघतोय.

भीती अंधारापेक्षा आवाजातून आणि दिवसाउजेडी येते, असा रंगीत हिंदी किंवा मराठी सिनेमा कोणता?